अकोल्याचं पाणी

जठारपेठ, अकोला
२० जानेवारी २०२५

सीमा,

खुशाल असशीन. चिठ्ठी पाहून घाबरू नको, कोणाले काही झालं नाई. फोन काहून नाई केला ते तुले मालूम हाय. बाबाले कमी ऐकू येते म्हणून तू स्पीकर लावते, मंग अर्धी गोष्ट ते ऐकतेत अन् अर्धी आपल्या मनानं जोडतेत. म्हणून तुह्या अंगणवाडीच्या पत्त्यावर लिहून राहिली. घरी नेऊ नको, तथीच वाच.

सोळा फेब्रुवारीले बाबाले पंच्याहत्तर पूर्ण होतेत. रविवार हाय. तुहा गोपाल हॉलबिल पाहाच्या आधीच सांगून ठेवते. यंदा बाबाचा वाढदिवस माह्या घरी. जेवण नाई ठेवत. औक्षण अन् चार वाजताचा चहा, आई करे तसाच. सांबारवडी, आलुबोंडे, चिवडा, गुळाचे शंकरपाळे, अन् शेवटी कपबशीतला चहा.

मी काय मागून राहिली ते तुले कळलंच असन. लेकीले लेकरू होत नाई तोवर तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाई, असं आपल्यात चालत आलं. बाकीच्या घरी वर्ष-दोन वर्षांत तो नेम आपोआप सुटते. माह्या लग्नाले चोवीस वर्ष झाले, लेकरू झालं नाई, अन् नेम तसाच राह्यला. जगाले सांगाले बाबाजवळ एक कारण हाय, का अकोल्याचं पाणी खारं, मले मानवत नाई. येतेत, मळ्यातल्या सांबाराच्या, कोथिंबिरीच्या, या मोठ्या जुड्या आणतेत, पाणी देल्लं का म्हणतेत ‘आताच पेलो’. द्यायले हात मोकळा, घ्यायले नाई.

आईचं तर तुह्या डोळ्यासमोरच हाय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनले माह्याकडं दोन दिवस होती, तर गोपाल अमरावतीहून पाण्याची कॅन अन् डबा घेऊन आला. डोळ्याले पट्टी बांधलेली, अन् विचारे, ‘पौर्णिमा, हे आपल्या कॅनचंच हाय ना?’ मी हाव म्हटलं. कॅनचंच होतं. दोन वर्ष झाले आई जाऊन. माह्या घरचा एक घोट न घेता गेली.

आमचे हे म्हणतेत, ‘तुह्या बापाले माह्या घरचा चहा चालत नाई, अन् मी अमरावतीले गेलो का मले तीन खेपा वाढतेत. जवाई हाव का बैल?’ हसतेत, पण त्यायलेही लागते.

मले साडी नको, मान नको. बाबानं माह्या घरात बसून माह्या हातचा एक कप चहा प्यावा. तो नाई झाला तर मी अमरावतीले पाय ठेवणार नाई, हे रागात नाई, विचार करून लिहून राहिली. रामरावकाकाले अन् शेजारच्या केशरबाईले बोलावणं देऊन बसली. तू बाबाले विचार. तुह्यावर त्यायचा जीव हाय.

पौर्णिमा


अमरावती
२४ जानेवारी

ताईले नमस्कार.

तुमची चिठ्ठी भेटली. सव्वीस जानेवारीची तयारी चालू हाय, पोट्टे झेंडा उलटा धरून राहिले, त्यातच वाचली.

ताई, मामाजी हाव म्हणले. सांबाराच्या जुड्या बांधत बसले होते तवा विचारलं. मले वाटलं का आता ओरडतीन. पण म्हणे, ‘जाऊ.’ एवढंच. तुमच्या भावालेही नवल वाटलं.

आता तुमी काहीच काळजी करू नका. दूध मी इकडूनच आणते, घरच्या म्हशीचं, पाकिटाचं दूध त्यायले पातळ वाटते. गूळ आणते. चहापत्ती पण आमचीच आणते, त्यायले त्याच चवीची सवय झाली. सांबारवडी अन् चिवडा इथूनच करून आणते, आलुबोंडे गरमच चांगले लागतेत तर त्याचं पीठ भिजवून आणते. नाईतर मोठा थर्मास हाय आमच्याकडं, चहा निघायच्या आधी करून त्यात भरला का संध्याकाळलोक वाफ निघते. तुमी औक्षणाचं ताट तेवढं करा. एवढ्या उन्हात तुमाले गॅससमोर उभं राहाचं कामच नाई.

तुमची
सीमा


जठारपेठ, अकोला
२९ जानेवारी

सीमा,

तुही चिठ्ठी पयल्यांदा वाचली तवा खूश झाली. यायले वाचून दाखवली. हे म्हणे, ‘मंग आपल्या घरचं काय राह्यलं? खुर्च्या?’ म्हणून पुन्हा वाचली.

दूध तुमचं, गूळ तुमचा, पत्ती तुमची, पाणी तुमचं. अन् मले गॅससमोर उभं राहाचं काम नाई. जानेवारीत कोठचं ऊन लागून राहिलं तुले? थर्मासचाच चहा प्यायचा असन तर मूर्तिजापूरजवळ गाडी थांबवून झाडाखाली पेऊन घ्या. माह्या घरी काहून येता? मी काय मंगल कार्यालय हाव, का जागा तेवढी भाड्यानं घेतली?

मी मागच्या आठवड्यात नवे कप आणले, बशीसकट. पांढरे, काठाले निळी रेघ. आईजवळ होते तसे. चार दुकानं फिरून शोधले, कारण आता सगळे मगात पेतेत, बशी कोणाले पायजे नाई. बाबा बशीशिवाय चहा पेत नाईत म्हणून आणले. ते कप काय मी कपाटात पाहाले ठेवू?

खरं सांग. हे तुह्या डोक्यातलं हाय का बाबानं सांगतलं? बाबानं सांगतलं असन तर मले एकदा त्यायच्या तोंडून ऐकू दे, का मी वांझ हाय म्हणून माह्या कपाचा त्यायले विटाळ होते. चोवीस वर्ष खाऱ्या पाण्याचं नाव सांगून राहिले. अकोल्यात लाखानं लोक राहतेत, तेच पाणी पेतेत. रामरावकाका त्यायचा सख्खा भाऊ, याच गावात तीस वर्ष हाय, धडधाकट हाय.

थर्मास माह्या उंबरठ्याच्या आत आला, तर तोच थर्मास तुह्या हातात देऊन तुमाले गाडीत बसवून देईन. मंग अमरावतीचा रस्ता माह्यासाठी संपला. राखीलेही येणार नाई, गोपालले सांगून ठेव.

पौर्णिमा


अमरावती
३ फेब्रुवारी

ताई,

शिव्या द्या, ऐकून घेते. थर्मासची अक्कल माही होती. मामाजी म्हणले होते, ‘जाऊ. पाण्याची बाटली घेजो.’ त्यातलं पयलं मी तुमाले लिहिलं, दुसरं लिहिलं नाई. म्हटलं चहा तर तुमच्याच घरात बसून पेतीन, त्यायचा नेमही राहीन, अन् तुमाले कळणार नाई. तुमाले कळणार नाई असं वाटलं, हीच माही चूक. माफ करा.

तुमची चिठ्ठी वाचून मले राहावलं नाई. मळ्यात गेली. ते एकटेच होते. मी म्हटलं, मामाजी, आज खरं सांगा. तुमाले ताईच्या कपाचा विटाळ हाय का?

ताई, सासऱ्याले असं विचाराची माही हिंमत कशी झाली मले माहीत नाई. ते खाली बसले. माह्याकडं पाहिलं नाई. जे बोलले ते जसंच्या तसं लिहून राहिली.

म्हणे, ‘विटाळ कायचा? माही लेक हाय ते. पण तिच्या घरचं पाणी पेलो, म्हणजे मी मानलं का तिले आता लेकरू होत नाई. गोदा होती तवा आमी दोघं वाट पाहत होतो. आता मी एकटाच पाहून राहिलो. मीही सोडलं, तर त्या पोरीसाठी वाट पाहणारं कोण राह्यते?’

मी म्हटलं, मामाजी, ताई सत्तेचाळीसच्या झाल्या. तर म्हणे, ‘मले वय नको शिकवू,’ अन् जुडी बांधाले लागले. सुतळीची गाठ त्यायच्यानं बसेना. मी बांधून देल्ली.

आता तुमीच सांगा मी काय करू. त्यायले आणू का नको आणू? तुमच्या घरी चार लोकांसमोर त्यायनं कप तसाच ठेवला, तर तुमी कोसळान. अन् पेला, तर ते घरी येऊन कोसळतीन. मले दोन्हीची भीती वाटून राहिली.

सीमा


जठारपेठ, अकोला
७ फेब्रुवारी

सीमा,

तुही चिठ्ठी वाचली अन् गच्चीवर जाऊन बसली. हे शोधत वर आले, मी चिठ्ठी हातात देल्ली. यायनं वाचली अन् पयल्यांदा जवाई-बैलाचा विनोद केला नाई.

मले वाटे बाबा माह्या घराले नाव ठेवतेत. माहा सगळा राग त्याच्यावरच उभा होता. आता राग कुठी ठेवू ते समजून नाई राह्यलं. पण गेला नाई, हेही तितकंच खरं.

खाली लिहिते ते बाबाले वाचून दाखव. मोठ्यानं वाच. गल्लीले ऐकू गेलं तरी चालते.

बाबा,

तुमी वाट पाहून राहिले हे मले कोणी सांगतलंच नाई. मी अन् हे, आमी ते कवाचं सोडलं. ज्या दिवशी सोडलं त्या दिवशी मी पोटभर रडली. मंग उठून भाकरी टाकल्या, कारण भूक लागली होती. तवापासून आमी दोघं बरे हावो. भांडतो, फिराले जातो, मोझरीले महाराजाच्या पुण्यतिथीले जातो, यायच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात दुपारी मीच बसते. माह्या घरात आता काही कमी नाई. एकच माणूस हाय जे दारात आलं का मले आठवते का काहीतरी कमी हाय. ते माणूस तुमी. मी पाण्याचा गिलास घेऊन येते, तुमी ‘आताच पेलो’ म्हणता, अन् माहं ते लेकरू पुन्हा एकदा होत नाई. चोवीस वर्ष तुमी जवा जवा आले, तवा तवा.

माह्यासाठी वाट पाहता, हे तुमचं प्रेम हाय. मले कळलं. पण त्या वाटेवर मी नाई, बाबा. मी इकडं घरात हाव, चहा करून राहिली.

मी लहान होती तवा तुमी मळ्यातून आले का आई चहा देत होती. तुमी बशीत ओतून फुंकर मारत होते, अन् पयला घोट मले देत होते. गोपालले राग ये. मले वाटे, माह्याही घरी तुमी कोणाले तरी तसा बशीतला घोट द्यान. ते झालं नाई. मले नातू देता आला नाई, चहा देता येते. तेवढ्यासाठी या. नसन प्यायचा तर येऊ नका, मी कोणावर जबरदस्ती करत नाई. पण बाटली घेऊन येऊ नका.

तुमची पौर्णिमा


अमरावती
१२ फेब्रुवारी

ताई,

वाचून दाखवली. अर्ध्यात मी थांबली, तर मामाजी म्हणे, ‘वाच पुढं.’ संपल्यावर मी तोंडाकडं पाहत राहिली. ते उठले अन् म्हशीले चारा टाकाले गेले. चारा सकाळीच टाकून झाला होता.

त्या दिवसापासून बोलणं बंद हाय. जेवतेत, मळ्यात जातेत, येतेत. हे म्हणले, ‘बाबा, रविवारी किती वाजता निघाचं?’ तर टोपी घालून मळ्यात गेले. काल आत्याबाईच्या, तुमच्या आईच्या, फोटोचा हार उतरवून फोटो पुसत बसले होते. मी दारातूनच परत फिरली.

आज सकाळी मले म्हणले, ‘पाण्याची बाटली धुऊन ठेव.’ धुऊन ठेवली. ताई, मी तुमाले खोटं नाई सांगत आता, म्हणून लिहिलं. बाटली येऊन राहिली.

मी रविवारी येत नाई. पोटात दुखते म्हणून सांगीन. मी आली तर माह्या हातून कायतरी सांभाळून घेणं होते, कायतरी पदराखाली झाकणं होते. यावेळी झाकाले कोणी नसावं. हे त्यायले घेऊन येतीन. दूध, गूळ, पत्ती काहीच पाठवत नाई. सांबार तेवढा मामाजी आणतीन, त्यायले मी अडवू शकत नाई.

रामरावकाकाले अन् केशरबाईले नाई म्हणता येत असन तर म्हणा.

सीमा


जठारपेठ, अकोला
१७ फेब्रुवारी

सीमा,

गोपालनं तुले ‘झालं बरं’ एवढंच सांगतलं असन. तो तेवढंच बोलते. म्हणून लिहून राहिली. फोनवर सांगाचं नव्हतं, बाबा बाजूले बसून ऐकतीन.

मी कोणालेच नाई म्हटलं नाई. केशरबाई तीनलेच येऊन बसली. रामरावकाका फेटा बांधून आले. साडेतीनले गाडी आली. बाबा उतरले, एका बगलेत सांबार, दुसऱ्या हातात बाटली. मले पयले बाटलीच दिसली. चिठ्ठीत तू लिहिलं होतं तरी मनात होतं का गाडीतच ठेवतीन.

औक्षण केलं. ताटातला दिवा हलत होता, यायनं ताट खालून धरलं. मंग वड्या, बोंडे, चिवडा मांडला. सगळ्यायनं घेतलं. बाबानं बशी हातात घेतली नाई, कोणी आग्रहही केला नाई. सगळ्यायले मालूम होतं. मी चहा आणला. निळ्या रेघेचा कप बाबासमोर ठेवला. बाबानं त्याच्या बाजूले बाटली ठेवली.

केशरबाई फुर्र-फुर्र चहा पेत होती, ती पण थांबली. गोपाल फोनमधी तोंड घालून. चहावर साय धरली. मी ठरवलं होतं का एक शब्द बोलाचा नाई, लिहाचं ते लिहून झालं. रामरावकाकाले राहावलं नाई. म्हणे, ‘पौर्णिमा, वडीलमाणसाले कोंडीत नको धरू. आपल्यात नाई चालत ते नाई चालत. भाऊले बाटलीतलं पेऊ दे, अन् विषय मिटव.’

हे स्वयंपाकखोलीच्या दारात उभे होते. यायच्या कपाळाची शीर उठली. मी डोळ्यानंच थांब म्हटलं. पण सीमा, खरं सांगते, त्या वेळी मी मनातल्या मनात अमरावतीचं घर सोडून देल्लं होतं. तुले, गोपालले, सगळ्यायले.

बाबा म्हणे, ‘थंडा झाला. गरम करून आण.’

मले ऐकू आलं ते खरं का, ते समजेना. काका म्हणे, ‘भाऊ...’ तर बाबानं हात वर केला. मी कप उचलला, आत गेली. भांड्यात ओतला, उकळला, पुन्हा गाळला. अर्धा ओट्यावर सांडला. यायनं गॅस बंद केला, मी विसरली होती.

बाहेर आणून देल्ला. बाबानं बशीत ओतला. फुंकर मारली. अन् बशी उचलून माह्यासमोर धरली. सगळ्यायसमोर. म्हणे, ‘पयला घोट तुहा.’

सत्तेचाळीस वर्षाची बाई मी, केशरबाईसमोर उभी राहून बापाच्या हातानं बशीतला चहा पेली. मले चव लागली नाई. मंग बाबा पेले. ती बशी, अन् कपातला सगळा. मिशी पुसली, कप खाली ठेवला. त्यायच्या डोळ्यातून पाणी वाहून राहिलं होतं, ते पुसलं नाई. म्हणे, ‘गोड कमी हाय.’

हे आतून म्हणले, ‘मामाजी, ती आणते दुसरा, गोड करून.’ बाबा हाव म्हणले. दुसरा घेतला. दोन वड्या पण खाल्ल्या, अन् सांबार जून झाला होता का विचारलं. मागच्या खेपेचा तुमचाच होता.

जाताना एक गोष्ट झाली. त्यायनं बाटली उचलली, अंगणात तुळशीले अमरावतीचं पाणी ओतून देल्लं, अन् रिकामी बाटली माह्या हातात देल्ली. ‘भरून दे.’ मी म्हटलं, बाबा, खारं हाय. ते चप्पल घालाले लागले. मी माठातलं भरून देल्लं. रस्त्यात प्यायले लागलं असन.

तू आली नाई ते बरं केलं. पण आता ये.

पौर्णिमा


अमरावती
२१ फेब्रुवारी

ताई,

तुमची चिठ्ठी अंगणवाडीत वाचून मी रडली. मदतनीसबाईले वाटलं का घरी कोणी गेलं. सांगावं तरी काय, का सासऱ्यानं चहा पेला?

आता माह्याकडचं ऐका. रस्त्यात त्यायनं ती बाटली उघडलीच नाई. यायनं मूर्तिजापूरले विचारलं, ‘बाबा, पाणी पेता का?’ तर बाटली कुशीत घेऊन बसले होते, नाई म्हणले.

घरी आले, चप्पल काढली, पाय धुतले. मले म्हणे, ‘तिचा पेला दे.’ आत्याबाईचा तो पितळी पेला, मी वर ठेवला होता. काढून देल्ला. त्यायनं तुमच्या घरचं पाणी त्यात भरलं अन् आत्याबाईच्या फोटोसमोर ठेवलं. मी मागं उभी होती. मी विचारलं, मामाजी, हे काय? म्हणे, ‘तिचं राह्यलं होतं.’

बाटलीत थोडं उरलं होतं, ते त्यायनं उभ्यानं पेलं. मी म्हटलं, खारं लागते का?

‘हाय थोडं,’ म्हणे. अन् मांजरीनं पेला सांडू नये म्हणून तथीच फोटोजवळ बसून राह्यले.

तुमची
सीमा